हिवाळ्याची पाठवणी

निरीक्षकांना जगात दोनच जातीची माणसं ठाऊक होती: सापडलेली आणि अजून न सापडलेली. वजनमापं खात्यात नोकरी करून करून त्यांचा स्वभाव असा झाला, असं त्यांची बायको सुरुवातीला लोकांना सांगायची. पुढे तिने ते सांगणं सोडून दिलं. हा स्वभाव नोकरीच्या आधीपासूनचा होता, खात्याने त्याला फक्त पगार सुरू केला, हे तिच्या ध्यानात आलं.

पारड्याखाली चिकटवलेला लोहचुंबक, तळाला दुहेरी पत्रा ठोकलेलं लिटरचं माप, टोकाशी घासून आखूड केलेली मीटरपट्टी, असं काही हाती लागलं की निरीक्षक रागवायचे नाहीत. ओठाच्या एका कोपऱ्यातून हसायचे. दुकानदार समोर घाम पुसत उभा असायचा, आणि त्या हसण्याने तो जास्तच चेपायचा. तेच हसू निरीक्षक संध्याकाळी डब्याच्या पिशवीबरोबर घरी घेऊन यायचे. बायकोने खिडकीला नवे पडदे लावले तरी हसू, तिने गाणं शिकायला जावं म्हटलं तरी हसू. गाण्याचा विषय दोन दिवसांत मिटला. पडदे राहिले.

अशा माणसाच्या वाट्याला मेहुणी आली ती ऋतूंची ऊर्जा जागवणारी.

बायकोची ही थोरली बहीण. तिला सगळेच ताई म्हणत, निरीक्षकही. ताईने आधी पाणी गाळायची यंत्रं विकली, मग वासाच्या मेणबत्त्या, मग कच्च्या भाज्या खायला घालून लोकांना बरं करण्याचा उद्योग काढला. त्यात एका गृहस्थांना इस्पितळात न्यावं लागलं, तेव्हा तो आवरता घेतला. मग ती डोंगरात कुठल्याशा शिबिराला गेली आणि परत आली ती हातात वाकडी काठी, अंगात पायघोळ हिरवा झगा आणि तोंडात "पृथ्वीचा श्वास" घेऊन. पोथ्या आणि धर्म यायच्या आधी माणसं झाडांना, वाऱ्याला, ऋतूंना मानत होती, आणि तेव्हा कुणाचे गुडघे दुखत नव्हते, असं ती छातीठोकपणे सांगायची. तिने ऋतुमंडळ काढलं. एक ऋतू संपून दुसरा लागला की तिच्या घरामागच्या परसात दहाबारा बायका जमायच्या, गोल धरून उभ्या राहायच्या, पालापाचोळा जाळायच्या आणि डोळे मिटून काहीतरी आत ओढून घ्यायच्या.

निरीक्षकांची बायकोही जायला लागली.

"आज किती ऊर्जा आली?" ती घरी आली की ते विचारायचे. "किलोत की लिटरमध्ये?"

बायको चपला काढून आत जायची.

"नाही, एकक कळलं तर आम्ही शिक्का तरी मारून देऊ."

हळूहळू स्वयंपाकघराच्या खिडकीत वाळत घातलेल्या पाल्याच्या जुड्या दिसायला लागल्या. पौर्णिमेला तिथे काचेच्या वाडग्यात पाणी दिसायचं. रात्रभर चांदण्यात ठेवलेलं हे पाणी सकाळी झाडांना घालायचं, असं ताईने सांगितलेलं. एका सकाळी निरीक्षकांनी ते वाडगं उचललं, खाली नेलं आणि गाडीची काच पुसायच्या टाकीत ओतलं. ऑफिसात त्यांनी हे रंगवून सांगितलं. "आता वायपर चांदण्यात न्हालेला आहे," असं म्हटल्यावर कारकून हसता हसता खोकायला लागला. घरी बायकोने रिकामं वाडगं धुऊन पालथं घातलं. पुढच्या पौर्णिमेला खिडकीत वाडगं नव्हतं. आपण एक खूळ मुळापासून उपटलं, असं निरीक्षकांना वाटलं.

थंडी सरत आली तेव्हा ताईचा फोन आला. येत्या शनिवारी हिवाळ्याची पाठवणी करायची होती. एका माणसाने हिवाळा होऊन खुर्चीत बसायचं. प्रत्येकीने त्याला, तुझं काय मला नको, ते सांगायचं आणि मग सगळ्यांनी मिळून त्याला मागच्या फाटकातून बाहेर घालवायचं. दरवर्षी शेजारचे निवृत्त पोस्टमास्तर हिवाळा व्हायचे, पण या खेपेला त्यांची पाठ धरली होती.

"जावईबापू, तुम्ही बसाल का? पुरुषमाणूसच लागतो, आणि जरा गारठलेला."

"पण ताई, दिवस-रात्र समान व्हायला शनिवारनंतर अजून चार दिवस आहेत. मी बघितलंय."

"आम्ही शनिवारी करतो. सगळ्यांना सुट्टी असते."

पृथ्वीचा श्वास सुट्टी बघून चालतो, हे ऐकून निरीक्षकांना अगदी गार वाटलं. ते लगेच हो म्हणाले. एवढा मालमसाला बाहेरून बघून सोडून देणं म्हणजे नासाडीच होती. बायको जवळच भाजी निवडत होती. ती म्हणाली, "नका जाऊ तुम्ही."

"का? मी बसलो तर उन्हाळा यायचा राहील?"

"तुम्हाला तिथे बोलता येणार नाही. हिवाळ्याने गप्प बसायचं असतं."

"बसेन की," निरीक्षक म्हणाले.

शनिवारी दुपारी त्यांना ताईच्या परसात प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसवण्यात आलं. डोक्यावर तारेवर वाळत घातलेले टॉवेल, पाठीमागे पाण्याची टाकी, आणि हे म्हणे ऊर्जेचं केंद्र. त्यांच्या अंगाभोवती पांढरी चादर गुंडाळली. तिच्या कोपऱ्यावर धोब्याची खूण होती. कपाळाला आणि गालांना राख फासली. मांडीवर बर्फाच्या तुकड्यांनी भरलेलं स्टीलचं पातेलं दिलं. बर्फ फ्रिजमधला, आणि त्याला कालच्या मासळीचा वास येत होता. ताईने वाकडी काठी जमिनीवर आपटून चार दिशांना हाका मारल्या. पूर्व म्हणून तिने ज्या बाजूला तोंड केलं ती सरळसरळ दक्षिण होती. निरीक्षक एकेक गोष्ट मनात टिपून ठेवत होते. सोमवारी निदान दोन वेळा चहा होईपर्यंत पुरेल एवढं जमलं होतं.

पहिली बाई पुढे आली. ती शाळेत शिकवायची. तिने पातेल्यातला बर्फाचा तुकडा उचलला आणि हिवाळ्याकडे बघून म्हणाली, "तू आलास की माझे सांधे धरतात. ते मला नको." तिने तुकडा फुलांच्या वाफ्यात भिरकावला आणि सगळ्या एका सुरात म्हणाल्या, "जा." दुसरीला सकाळचा अंधार नको होता, तिसरीला सासऱ्यांचा खोकला. सगळं असंच चाललं होतं, आणि निरीक्षकांना जांभई आवरेना.

मग कापडदुकानवाली आली. ती मंडळात आहे हे त्यांना माहीतच नव्हतं. गेल्या वर्षी त्यांनी तिची मीटरपट्टी जप्त केली होती. तिने बर्फाचा चांगला मोठा तुकडा निवडला.

"तू माझ्या दुकानात आलास," ती अगदी गंभीर चेहऱ्याने म्हणाली, "आणि लेकीच्या मैत्रिणींसमोर मला चोर म्हणालास. वर हसलास. ते मला नको."

बायकांमध्ये खसखस पिकली. तुझी पट्टी दोन बोटं आखूड होती, असं निरीक्षकांच्या अगदी जिभेवर आलं होतं. पण हिवाळ्याला बोलायची बंदी होती. "जा," सगळ्या म्हणाल्या, या वेळी जरा जोरात.

शेवटी बायको आली. ती तुकडा हातात धरून नुसतीच उभी राहिली. बोटांमधून पाणी गळायला लागलं.

"मी काही बोलले की तुम्ही हसता," ती म्हणाली.

आतापर्यंत प्रत्येकीने हिवाळ्याला अरे-तुरे केलं होतं. अहो-जाहो करणारी ही पहिलीच.

"मोठ्याने नाही हसत. मोठ्याने हसला असतात तर मी भांडले तरी असते. जिन्यात तुमचं पाऊल वाजलं की मी जे करत असेन ते झाकून ठेवते. पुस्तक असलं तर उशीखाली घालते. परवा नुसती खिडकीत बसले होते, तरी उठले. चोरी काही नव्हती. माझ्याच घरात मला झडती द्यायला लागते." ती थांबली. "ते मला नको."

तिने तुकडा फेकला नाही. खाली वाकून वाफ्याच्या कडेला ठेवला. ताई काठी धरून एकदा बहिणीकडे, एकदा निरीक्षकांकडे बघत राहिली. अशा वेळी काय करायचं ते शिबिरात शिकवलेलं नसावं. शेवटी कापडदुकानवालीच म्हणाली, "जा." मग बाकीच्याही म्हणाल्या, खाली बघत.

निरीक्षक उठले. फाटकातून बाहेर पडायचं आणि मागे वळून बघायचं नाही, असा नियम होता. त्यांनी तो काटेकोर पाळला.

चादर अंगावर तशीच घेऊन ते दोन गल्ल्या चालून गेले. चालता चालता त्यांनी सोमवारची गोष्ट रचायला घेतली. टॉवेल चांगले होते, मासळीचा बर्फ चांगला होता, दक्षिणेला पूर्व म्हणणं तर फारच चांगलं. पण शेवट जमेना. बायकोचं बोलणं गाळलं तर गोष्ट मध्येच संपत होती, आणि घातलं तर हसणार कोण? मेंढरं, असं ते त्या बायकांबद्दल मनात म्हणाले. ती दुकानवाली म्हणाली जा, की ह्या म्हणाल्या जा. मेंढरं नुसती.

कोपऱ्यावरच्या बेकरीत ते पाणी मागायला शिरले. बेकरीवाला त्यांना बघताच उभा राहिला. गालाला राख, अंगाला चादर, असा माणूस दारात बघून कुणीही हसलं असतं. बेकरीवाल्याने आधी फडक्याने काट्याचं पारडं पुसलं.

"मी तपासायला आलो नाही," निरीक्षक म्हणाले.

"नाही, नाही साहेब. असू दे. तपासा की."

"अरे, माझ्या तोंडाला काय लागलंय दिसत नाही का तुला?"

"काही नाही साहेब," बेकरीवाला म्हणाला आणि काट्याचं सील त्यांच्या बाजूला वळवून ठेवलं.

निरीक्षक पाणी न पिताच बाहेर पडले.

बायको संध्याकाळी घरी आली. निरीक्षक तोंड धुऊन पेपर घेऊन बसले होते.

"जरा जास्तच बोललीस तिथे," ते म्हणाले.

"हो."

"हिवाळ्याला म्हणालीस, असं मी धरून चालतो."

ती कपाटातून कपडे काढत होती. "हिवाळ्याला कुणी अहो म्हणतं का?" ती म्हणाली. तिने बॅग भरली, गॅसचं बटण बंद आहे ना ते बघितलं आणि काही दिवस ताईकडे राहते म्हणून गेली.

सोमवारी निरीक्षकांनी ऑफिसात गोष्ट सांगितली. शेवट त्यांनी बदलला: बायकोची पाळी आली आणि तिलाच हसू फुटलं, मग सगळ्यांचाच फज्जा उडाला. कारकून पोट धरून हसला. याला काहीही सांगितलं तरी पटतं, काय माणूस आहे, असं निरीक्षकांच्या मनात आलं, आणि त्यांना त्याची किळस आली.

दिवस गेले तशी बायको घरी का नाही, हे सांगायला काहीतरी लागायला लागलं. आधी ते म्हणाले, ताईची तब्येत बरी नाही. मग ताई बाजारात भाजी घेताना दिसली. तेव्हा एके दिवशी त्यांच्या तोंडून कारकुनाजवळ निघून गेलं, "बहिणीने भारून टाकलंय तिला. पाला जाळतात, धूर नाकात जातो, माणूस स्वतःचं राहत नाही." म्हणताना ते नुसतं निमित्त होतं. पण म्हटल्यावर त्यांना इतकं हलकं वाटलं की त्यांनी ते आणखी दोघांना सांगितलं. चौथ्याला सांगेपर्यंत त्यांचं त्यांनाच पटलं होतं. सगळं जुळत होतं. ती बाई मुळात अशी नव्हती. इतकी वर्षं तिने तोंडातून ब्र काढला नव्हता, आणि त्या काठीच्या चार ठोक्यांनी तिची वाचा फुटली होती.

एका दुपारी ते ताईकडे गेले. बसले नाहीत.

"ताई, तुम्ही तिच्यावर जे काही केलंय ते उतरवा."

ताई बघतच राहिली. तिच्या सबंध आयुष्यात कुणाला तिचं पाणी लागू पडलं नव्हतं, मेणबत्ती नाही, भाजी नाही. आणि आज वजनमापं खात्याचा निरीक्षक दारात उभा राहून तिची विद्या चालली म्हणत होता. तिच्या चेहऱ्यावर जी लाली चढली ती बघण्यासारखी होती.

"उतरवता येतं," ती आवाज खोल करून म्हणाली. "पण अवघड असतं. वाऱ्याच्या दिशेवर आहे सगळं."

"ताई, गप्प बस," आतून बायकोचा आवाज आला. ती दारात आली. तिच्या हातात शिवणाचं कापड होतं. ती निरीक्षकांना म्हणाली, "माझ्यावर कुणी काही केलेलं नाही. मी माझ्या पायांनी आले. खोली बघतेय, मिळाली की इथूनही जाईन. तुम्ही घरी जा."

ती शांतपणे बोलली आणि आत गेली. एवढं स्वच्छ बोलणं निरीक्षकांनी कित्येक वर्षांत कुणाचं ऐकलं नव्हतं. ते ताईकडे वळले आणि आवाज खाली करून म्हणाले, "बघितलंत ना? असंच बोलते."

ताईने मान हलवली, कपाटातून कागदाची एक पुडी आणली आणि कसं जाळायचं ते सांगितलं: खिडक्या उघड्या ठेवून, तिच्या नेहमीच्या जागी उभं राहून, मनात काहीही न आणता.

बायकोला महिनाभरात खोली मिळाली. कापडदुकानवालीच्या ओळखीने मिळाली, असं पुढे कळलं. पण त्या दिवशी निरीक्षक पुडी घेऊन घरी आले, सगळ्या खिडक्या उघडल्या, स्वयंपाकघरात ओट्यापाशी उभे राहिले आणि जुन्या तव्यावर तो पाला ओतून गॅस लावला. धूर फार झाला. डोळ्यांना पाणी यायला लागलं, तरी ते हलले नाहीत. मनात काही आणायचं नव्हतं, ते मात्र काही केल्या जमेना.

थोड्या वेळाने दाराची बेल वाजली. समोरची शेजारीण नाकाला पदर लावून उभी होती.

"काही जळतंय का हो तुमच्याकडे?"

"दूध," निरीक्षक म्हणाले. "दूध उतू गेलं."