घंटेशिवाय सुटलेली गाडी

"पोरीच्या मागे काय पळतेस? बाबांवर डोळा ठेव," असं नणंदेनं मला बजावलं होतं. मी मनात म्हटलं, लांब बसून सल्ले द्यायला काय जातंय! पोर चार वर्षांची, सासरे चौऱ्याहत्तरचे. धडपडणार कोण, हे काय सांगायला हवं? मी बिनदिक्कत पोरीवर पैज लावली.

आमचं घर म्हणजे रेल्वेचं जुनं क्वार्टर. समोर एकशे चाळीस पावलांवर स्टेशन. पावलं मी मोजली आहेत. मी सगळंच मोजते. गाडी बंद होऊन पंधरा वर्षं झाली. रूळ उचलून नेले, खडी तेवढी राहिली. पाटीवरची अक्षरं गळाली, घड्याळाचा एक काटा गेला, छपराची तर चाळण झाली. सासरे इथले शेवटचे स्टेशनमास्तर. रोज चार वाजता शर्टाचं वरचं बटण लावून ते 'ड्यूटी'वर जातात, फलाट झाडतात, कबुतरांना दरडावतात. आमची भिंगरी (मुलीला सगळे हेच म्हणतात) ही आता त्यांची एकुलती एक गाडी.

खेळ खोटा, पण नियम खरे. एकेरी मार्गावर टोकन घेतल्याशिवाय गाडी सुटत नाही. टोकन म्हणजे एक लोखंडी कडं. ते भिंगरीच्या खांद्याला अडकवून सासरे टांगलेल्या रुळाच्या तुकड्यावर दोन टोले देतात. मी स्वयंपाकघराच्या खिडकीतून ताटावर चमच्यानं दोन टोले देते, म्हणजे मार्ग मोकळा. मग गाडी झुकझुक करत घरी येते आणि माझी नजर तिच्यावरून हलत नाही. एम.ए. झालेली बाई रोज ताट बडवते, हे शेजाऱ्यांच्या आता अंगवळणी पडलंय.

त्या दिवशी टोले न पडताच भिंगरी दारात हजर.

"घंटा कुठाय?" मी डाफरले.

"आजोबा म्हणाले, आज घंटेशिवाय जा. आईला टोकन दे."

ज्या माणसानं उभ्या नोकरीत घंटेशिवाय मालगाडीसुद्धा सोडली नाही, त्याचा हा निरोप. शहाणी बाई असती तर अनवाणी धावत सुटली असती. मी काय केलं? पोरीचे गुडघे तपासले. गंजाचा ओरखडा नाही ना, केसांत कोळिष्टकं नाहीत ना, सगळं पाहिलं. हात साबणानं दोनदा धुतले. मग नियमाप्रमाणे ताट-चमचा घेऊन खिडकीशी उभी राहिले. गाडी पोचली की आपण तीन टोले द्यायचे. पलीकडून एक आला की काम फत्ते. मी तीन दिले. उत्तर नाही. पुन्हा तीन दिले, जरा रागानं.

"आई, ते नाही वाजवणार," भिंगरी बिस्किट चावत म्हणाली. "ते खाली गेलेत."

"खाली कुठे? स्टेशनाला खाली काही नाहीच!"

"आता आहे. फळी मोडली ना. पण सगळे नाही गेले, अर्धेच गेलेत."

तिला कडेवर घेतलं आणि धावले.

तिकीटखोलीची लाकडी जमीन वाळवीनं पोखरलेली. मधोमध सासरे, कमरेपर्यंत आत, दोन्ही कोपरं फळ्यांवर टेकवून, जणू खिडकीमागे तिकिटं देत बसलेत. वरचं बटण लावलेलं. चेहरा मात्र पांढराफटक.

"हाक मारायची ना बाबा!"

"जोर लावला की फळी करकरते. शिवाय गाडी घाबरली असती."

"मग तिला नीट सांगायचं, मी पडलोय म्हणून!"

"घंटेशिवाय गाडी सोडली, सूनबाई. याहून मोठ्यानं कसं सांगतात?"

एक निखळलेलं दार ओढत आणून फळ्यांवर आडवं टाकलं, त्यावर पालथी झोपले आणि त्यांच्या काखेत हात घातले. भिंगरी उंबऱ्याबाहेरून ओरडत होती, "चढण आहे! चढण आहे!" तिसऱ्या हिसक्याला ते वर आले. एक बूट खालीच राहिला. घोटा टम्म सुजलेला.

फलाटावर बसल्याबसल्या पहिलं वाक्य, "ताईला सांगू नकोस."

कारण नणंदेनं ठणकावलंच होतं: एकदा जरी पडलात, तर सामान बांधून माझ्याकडे चौथ्या मजल्यावर.

"तिच्या खिडकीतून काय दिसतं, ठाऊक आहे? दुसऱ्याची खिडकी," ते म्हणाले. "इथं मला निदान झाडायला फलाट आहे गं."

"आणि पुढच्या वेळी पूर्ण गेलात तर?"

"इतक्या लांबची गाडी एवढ्यात नाही पकडायची मला."

हाड शाबूत निघालं. ताईला मी फोनवर सांगितलं, पायरीवर पाय मुरगळला. खोटं बोलताना माझा आवाज चिरकतो. तिनं ओळखलं असेल तर ओळखलं असेल. सुतारानं तिकीटखोलीला आडव्या पट्ट्या ठोकल्या. सासऱ्यांनी फक्त फलाटावर बसायचं आणि दर अर्ध्या तासाला एक टोला द्यायचा, असं ठरलं. ते तासावर अडून बसले होते, मी हटले नाही.

पण परवापासून तीन दिवस मला नोकरीच्या प्रशिक्षणासाठी बाहेरगावी जायचंय. नवरा घरी आहे, म्हणजे नसल्यासारखाच. कानाशी नगारा वाजवला तरी हा वर्तमानपत्रातून मान काढणार नाही. तेव्हा तुमच्यापैकी कुणी त्या खडीच्या वाटेनं जाणार असेल, तर चारनंतर फलाटावर डोकावा. "गाडी कधी येणार?" असं विचारा. ते गंभीरपणे उत्तर देतील, पूर्ण ऐकून घ्या. आणि ते बोलत असताना उजव्या घोट्याकडे बघा, सूज उतरलीय का. "ठीक आहे," असं ते म्हणतील. विश्वास ठेवू नका, उठून दोन पावलं चालून दाखवायला सांगा, आणि मला कळवा.