धाकटीचं काय?

“ताई, भाविका आत्ते खेळले येवाव नही,” टेम्पोत गोणी चढवता चढवता तिचा बाप झुलाल म्हणाला. “आम्ही ऊसतोडले जाई ऱ्हायनूत.”

ज्योत्स्नाने स्कूटी थांबवली, पण हँडल सोडवेना. दोन दिवस पोरगी मैदानावर फिरकली नाही, म्हणूनच ती घरी आली होती.

साक्रीजवळच्या त्या गावात ती एका संस्थेतर्फे मुलींना खेळ शिकवायची. कार्यक्रम मूळचा परदेशातला. तिकडे फुटबॉल खेळून झाला की एक ताई एका मुलीला बाजूला घेऊन मनातलं बोलतं करी. इथे बाजूला घेतलेली मुलगी ओढणीचं टोक चावत गप्प बसे. म्हणून ज्योत्स्नाने खो-खो घेतला, आणि खेळाआधी मुलींसोबत बसून मैदानातले खडे वेचू लागली. माना खाली असल्या की मुली बोलत. असंच एकदा भाविकाने सांगितलं होतं, गेल्या साली उसाच्या फडात धाकटी बहीण ट्रॅक्टरच्या चाकाजवळ झोपून गेली होती, आणि कुणाला पत्ताच नव्हता.

“झुलालभाऊ, भाविकाले अठे राहू द्या. शाळा शे तिनी.”

“कोनजोडे ठेवू? तिनी माय गयी.”

शेजारच्या ओट्यावरून म्हातारी बेबाबाई म्हणाली, “मनाजोडे राही. मना पोऱ्या बी जाई ऱ्हायनात. घर खायले उठस.”

ज्योत्स्नाला हायसं वाटलं. तेवढ्यात भाविका दारात आली. कडेवर धाकटी मोहिनी.

“मी नही ऱ्हावाव. हिले तठे कोन देखी?”

बेबाबाईने दुखरा गुडघा धरून मान हलवली. “धाकलीनं मनाघाई व्हवाव नही, माय.”

ज्योत्स्ना लिंबाखाली गेली आणि तिने संस्थेच्या धुळ्याच्या कार्यालयात वृषालीमॅडमना फोन लावून सगळं सांगितलं.

“तू तिच्या घरी गेलीस?” मॅडमचा आवाज चढला. “मुलांच्या घरी जायचं नाही, कसलाही शब्द द्यायचा नाही. नियम आहे, ज्योत्स्ना.”

“नियम परदेशातला आहे. तिकडे मूल सांभाळायला वेगळी माणसं असतात, मॅडम. इथे कोण आहे?”

मॅडम हळूच म्हणाल्या, “दोघींचं तुला झेपेल?”

झेपेल का, हे तिलाही ठाऊक नव्हतं. पोरीला ताप आला तर? म्हाताऱ्या बाईच्या घरी काही बरंवाईट झालं तर? तरी ती परत आली.

“दोघींना ठेवा, भाऊ. धाकटी दिवसा अंगणवाडीत, संध्याकाळी मैदानावर माझ्याजवळ. बेबाआजींकडे फक्त झोपायला. काही झालं तर मी येईन, रात्र असली तरी.”

झुलालने तिच्याकडे रोखून पाहिलं. “आनि तुमनं काम बंद पडनं ते?”

पुढच्या वर्षी कार्यक्रम चालेल की नाही, हे कुणीच तिला सांगितलं नव्हतं.

“मी साक्रीनीच शे, भाऊ. कोठे जासू?”

तो टेम्पोत चढला, पोरींची वाकळ ओढून काढली आणि बेबाबाईच्या ओट्यावर आणून ठेवली. “आखाजीले येसू,” एवढंच म्हणाला. अक्षय्य तृतीयेला अजून सहा महिने होते. धाकटीच्या गालाला हात लावायला वाकला, आणि न लावताच सरळ झाला.

संध्याकाळी मैदानावर खेळ ऐन रंगात होता. मोहिनी ज्योत्स्नाच्या मांडीवर मुरमुरे खात बसली होती. रस्त्याला टेम्पो दिसला. मागे माणसं दाटीवाटीने उभी, त्यांत झुलाल. भाविका रस्त्याला पाठमोरी, खो-खोच्या पाटीवर उकिडवी बसली होती. हॉर्न ऐकूनही तिने मान वळवली नाही. मागून कुणीतरी “खो!” दिला. क्षणभर ती तशीच राहिली. मग उठली आणि सुसाट पळत सुटली.

मोहिनीने टेम्पोला हात हलवला. रस्त्याने जाणाऱ्या प्रत्येकच गाडीला ती तसा हात हलवत होती.