उतारापूर्वी थांबलेली गाडी

मित्रांनो, मी आपल्याच देशात घडलेली एक मोटारगाडी. आता माझा रंग उडाला आहे, टायर बसले आहेत. पण एके काळी साऱ्या कारखान्याचा जीव माझ्यात अडकला होता.

तेव्हा आमच्या गाड्यांना कोणी विचारत नव्हते. "परदेशी गाडी किल्लीवर चालते, देशी गाडी शेजाऱ्यांच्या धक्क्यावर," असे म्हणून लोक हसत. कारखाना सरकारी मदतीवर कसाबसा तग धरून होता. ती मदत चालू ठेवायची की नाही, हे ठरवायला एक अधिकारी बाई आल्या. डोंगर चढून पलीकडे उतरायचे. पुढे परदेशी गाडी, मागे मी, अशी परीक्षा ठरली.

नव्या गाड्या चालवून पाहणारी चालक माझ्या स्टिअरिंगवर होती. सगळे तिला ताई म्हणत. माझे ब्रेक तिच्याच वडिलांनी बसवले होते. शेजारी कारखान्याचे साहेब, मागे अधिकारी बाई.

चढ मी दमदारपणे चढले. साहेबांचा चेहरा खुलला. माथ्यावरच्या वळणाला ताईने ब्रेक दाबला. पेडल मऊ लागत होते. तिने पुन्हा दाबले. पाय आणखी खाली गेला. माझे ब्रेक ऑइल कुठूनतरी गळत होते. समोर उतार, खाली दरी.

गियर कमी करत, हँडब्रेक हळूहळू ओढत तिने मला कडेला उभे केले.

"काय झालं?" साहेबांनी विचारले.

"ब्रेक लागत नाहीयेत."

साहेब खालच्या आवाजात म्हणाले, "गियरवर उतरव. तुला जमतं. बाबांच्या नोकरीचा तरी विचार कर."

ताई म्हणाली, "मला जमेल, साहेब. उद्या कुणी पोराबाळांना घेऊन निघालं, तर त्यांना कसं जमायचं?" तिने किल्ली काढून घेतली.

परदेशी गाडी वळणाआड दिसेनाशी झाली. अधिकारी बाई उतरल्या. त्यांनी वाकून माझ्या चाकामागचा ओला डाग पाहिला आणि वहीत टिपून ठेवला.

मदत मिळाली, पण निम्मीच. ब्रेकच्या नळ्या बदलल्याशिवाय एकही गाडी बाहेर पडणार नाही, अशी अट आली. कितीतरी कामगार घरी बसले, ताईचे बाबाही. ते तिच्याशी बोलेनात. मग एकदा ते कारखान्यात आले, माझ्याखाली आडवे झाले आणि फुटलेल्या नळीवरून बोट फिरवत बराच वेळ तसेच पडून राहिले. बाहेर येऊन हात पुसत ताईला म्हणाले, "चल, घरी जाऊ. आई जेवायला थांबलीये."

मित्रांनो, आपल्या देशातल्या गाडीवर जरूर माया करा. पण मायेपोटी तिचे दोष झाकू नका. निघण्याआधी तिचे ब्रेक दाबून पाहा, आणि वेळ आली तर चारचौघांदेखत तिला थांबवा. मला थांबवणारी कोणी होती, म्हणून तर आज मी तुमच्याशी बोलते आहे.