मांडवाचा खांब

छप्पन सालच्या मे महिन्यात क्लेमेंट अगदी वैतागून गेला होता. दर उन्हाळ्यात तेच! घराभोवती चर खणा, रॉकेल ओता, लाकडाला डांबर फासा, भिंतीवर चढणाऱ्या मातीच्या वाटा खरवडा. चार दिवस गेले की वाळवी पुन्हा हजर! पोयसरच्या गावठाणातलं ते घर सगळं सागाच्या सांगाड्यावर उभं. त्याच्या बापाने एकेक खांब दगडी जोत्यावर बसवलेला, लाकडाला माती म्हणून लागू दिली नव्हती.

ओटीपुढचा एक खांब मात्र सरळ मातीत गाडलेला आणि वर घराच्या वाशाला बांधलेला. तो क्लेमेंटच्या लेकीच्या, विनीच्या, काही वर्षांपूर्वी ठरलेल्या लग्नाच्या मांडवाचा. नवरा मुलगा अर्बन आफ्रिकेहून यायचा होता, तो आलाच नाही. पुढच्या वर्षी येतो, असा निरोप आला. मांडव उतरवला, पण हा एक खांब क्लेमेंटच्या बायकोने, कॉन्सेप्टाने, काढू दिला नाही. लग्न मोडलेलं नाही हे गावाला दिसायला नको? पुढे कॉन्सेप्टा वारली. खांब राहिला.

वाळवी तिथूनच चढते हे न कळायला क्लेमेंट काही खुळा नव्हता. पण पोरीच्या डोळ्यांदेखत त्याला पहार कशी लावायची? अर्बनने तिकडे कधीच संसार थाटला होता. बोटीवरच्या नोकरीहून परतलेल्या गावातल्या फिलिपने ते सांगितलं आणि क्लेमेंटने गिळून टाकलं. खांब आहे तोवर विनीला आशा आहे, अशी त्याची समजूत.

त्या दिवशी कंदील टांगायला तो मधल्या तुळईत खिळा मारायला गेला, तर खिळा नुसत्या अंगठ्याने आत गेला. मातीचा चुरा भसाभसा खाली पडला. क्लेमेंट मटकन बसला.

विनी धावत आली. चुरा बघून भडकलीच. "पपा, तो मेला खांब उपटला का नाहीस रे तू?"

"तुझ्यासाठी गं. अर्बन येईल म्हणून तू..."

"अर्बनला दोन पोरं आहेत. मला कधीचं ठाऊक आहे." तिचा आवाज फाटला. "मला वाटलं, मम्मीची आठवण म्हणून तू ठेवलायस. रोज सकाळी तो बघून माझा जीव जळायचा. पण तुला कुठल्या तोंडाने सांगणार?"

"बस जरा इथे," क्लेमेंट म्हणाला. "फार दमलोय गं."

"बसायचं नंतर. आधी छपराखालून बाहेर चल."

तिने हात दिला. तो धरून, बापाने बांधलेल्या घरातून, क्लेमेंट अंगणात आला.