बांधकामाची किंमत

थोरलीनं कपाट भिंतीपासून ओढलं, तशी मागची ओल पुरती उघडी पडली. छताच्या कोपऱ्यातून निघून जमिनीला टेकेपर्यंत तिनं चांगलाच पसारा मांडला होता. थोरली दोन पावलं मागे सरली, मान वाकडी करून तिनं पाहिलं आणि मग पुन्हा पुढे होऊन नखानं रंगाचा आणखी एक पोपडा सोडवला.

"अहो जाऊबाई, राहू द्या की तो," धाकटी दारातून म्हणाली. "आधीच काय कमी दिसतंय?"

"दिसायलाच हवं. आणि हे बघ, त्या घरपट्टीवाल्या बाई आल्या की तू चकार शब्द काढायचा नाहीस. तुला कौतुक सांगायची खोड आहे."

"मी कुठं कौतुक करते?"

"परवा पत्रं टाकणाऱ्याला आत बोलावून जिना दाखवलास."

धाकटीनं ओठ मिटले, पण हसू काही मिटलं नाही.

दोघी सख्ख्या जावा. थोरली चौऱ्याहत्तरची, धाकटी तिच्याहून पाच वर्षांनी लहान. दोन भावांशी लग्न करून या घरात आल्या आणि दोन्ही भाऊ गेल्यावरही इथंच राहिल्या. थोरलीला टेलिफोन खात्याची पेन्शन होती; धाकटी अजून शिवणाची बारीकसारीक कामं घ्यायची. त्यात दोघींचं भागत होतं. मागच्या महिन्यात घरपट्टीची नोटीस आली, तेव्हा थोरलीला वाटलं, पाकीट चुकून आपल्याकडे आलं असावं. तिनं नाव पाहिलं, घराचा क्रमांक पाहिला, चष्मा पुसून पुन्हा पाहिला. पट्टी एकदम पाचपट झाली होती. भरायची तर वर्षातल्या चार महिन्यांची पेन्शन तिकडेच जाणार होती. तिनं त्याच दिवशी हरकत अर्ज केला, आणि आज घर पाहायला खात्याची निरीक्षक येणार होती.

ही गल्ली एके काळी दोर वळणाऱ्यांची. बंदर जवळच होतं, आणि जहाजांना लागणारे जाडजूड दोर इथल्या लांबलचक शेडमध्ये वळले जायचे. दिवसभर डांबराचा वास हवेत असायचा. धुतलेल्या कपड्यांनाही तो सोडत नसे. टेलिफोन खात्यातल्या मैत्रिणी थोरलीच्या जवळ आल्या की नाक उडवून म्हणायच्या, "आली बोट." गल्लीतल्या मुली दोरीवरच्या उड्या मारायच्या तेही टाकाऊ दोरांचे तुकडे घेऊन, दोर इतका जड, की दोघींनी मिळून तो फिरवायचा आणि तिसरीनं जीव मुठीत धरून उडी मारायची.

मग दोरांचं काम बंद पडलं. बरीच वर्षं गल्लीकडे कुणी ढुंकूनही पाहिलं नाही. आणि अलीकडे काय झालं कोण जाणे, दोरांच्या शेडमध्ये मोठ्या काचांचं कॉफीचं दुकान निघालं, त्याच्या शेजारी फक्त मेणबत्त्या विकणारं दुकान आलं, आणि एकेक जुनं घर ऐकणाऱ्याचे डोळे विस्फारतील अशा भावानं विकलं जाऊ लागलं. थोरली आणि धाकटी आपल्या ओट्यावर बसून हे सगळं नाटक पाहावं तसं पाहत होत्या. नाटकाचं तिकीट आपल्यालाही लागणार आहे, हे त्यांना नोटीस आल्यावर कळलं.

निरीक्षक बाई वेळेवर आली. तिशीची असेल. बुटांवर धूळ, खांद्याला जड पिशवी, हातात मोजणीचं एक छोटं यंत्र. ते भिंतीसमोर धरलं की समोर लाल ठिपका पडायचा आणि अंतर आपोआप उमटायचं.

"मावशी, आधीच सांगते," ती म्हणाली. "जागेच्या किमतीला मला हात लावता येत नाही. ती गल्लीवरून ठरते. पण वरच्या बांधकामाची किंमत आम्ही शेजारच्या दुरुस्त केलेल्या घरांवरून धरलीय. तुमचं बांधकाम जुनं असेल, खराब असेल, तर त्याचा घसारा धरता येईल. तेवढी पट्टी उतरेल."

"खराबच आहे," थोरली म्हणाली. "चला, दाखवते."

टेलिफोनवर तीस वर्षं कमावलेला, कोरा आणि स्वच्छ आवाज तिनं लावला. ओल दाखवली. खिडकीची न लागणारी कडी दाखवली. स्वयंपाकघरात तिनं आधीच एक गोटी आणून ठेवली होती. ती तिनं जमिनीवर ठेवून सोडून दिली. गोटी क्षणभर थांबली, मग संथपणे चालत मागच्या दाराशी जाऊन विसावली.

"जमीन खचलीय?" निरीक्षक बाईनं विचारलं.

"पहिल्यापासून उतरती आहे. ज्यांनी बांधली ते काही गवंडी नव्हते."

धाकटी चुलीपाशी उभी होती. तिच्या मुलीनं पहिलं पाऊल टाकलं ते याच उतारावर. उभी राहिली, आणि उतारानंच तिला चार पावलं पुढे नेलं. समोर थोरली दोन्ही हात पसरून बसली होती. पोर तिच्या अंगावर येऊन आदळलं. थोरलीला स्वतःचं मूल नव्हतं. त्या दिवसानंतर कितीतरी वर्षं ती सगळ्यांना सांगायची, पहिली चालली ती माझ्याकडे. धाकटीनं ते कधी खोडलं नव्हतं. तिनं वाकून गोटी तेवढी उचलली.

जिन्यावर निरीक्षक बाई तिसऱ्या पायरीला अडखळली.

"ही पायरी कमी उंचीची आहे," थोरली मागून म्हणाली. "जिना सदोष आहे."

"सदोष कसला हो!" धाकटीच्या तोंडून निसटलंच. "बोटीचं लाकूड आहे ते. एका जहाजाची मोडतोड चालली होती, तिथून दोघा भावांनी पाठीवर वाहून आणलं. थोरले जहाजांचे सुतार, आमचे बॉयलरचे फिटर. सुट्टीच्या एकेका दिवशी काम करून चार वर्षांत घर उभं केलं. त्या पायरीच्या वेळी दोघांचं भांडण झालं होतं, म्हणून माप..."

थोरलीनं नुसतं पाहिलं.

"मी चहा ठेवते," म्हणत धाकटी खाली गेली.

वरच्या मागच्या खोलीत दोघीच उभ्या राहिल्या. खोली रिकामी होती. छताला फुगवटा आला होता आणि खिडकीसमोर हात लांबवला तर लागेल इतक्या अंतरावर नव्या इमारतीची भिंत होती. थोरलीचा नवरा शेवटची दोन वर्षं या खोलीत पडून होता. तेव्हा इथून बंदर दिसायचं. कोणतं जहाज दुरुस्तीला आलंय, ते तो भोंग्यावरून ओळखायचा आणि ती कामावरून आली की दिवसभराची हजेरी तिला ऐकवायचा. एखाद्या दिवशी काहीच आलेलं नसलं, तर तो मनानंच एखादं आणायचा. तिला ते कळायचं. तरी ती विचारायची, मोठं होतं का?

"इथं कुणी राहत नाही ना?" निरीक्षक बाईनं विचारलं. "मग 'राहण्यास अयोग्य' लिहिते. त्यानं बराच फरक पडतो."

थोरलीनं खिडकीची चौकट तळव्यानं पुसली. तळव्याला फारशी धूळ लागली नाही. आठवड्यातून दोनदा ती तीच पुसायची.

"लिहा," ती म्हणाली.

खाली चहा झाला होता. निरीक्षक बाईनं बूट थोडे सैल केले. सकाळपासून अकरा घरं झाली, ती म्हणाली, आणि अकराही ठिकाणी शिव्या खाल्ल्या.

"मी शिव्या देत नाही," थोरली म्हणाली. "पण एक विचारते. दहा वर्षांत आम्ही या घराला नवा खिळा ठोकलेला नाही. मग किंमत वाढवली कुणी?"

"गल्लीनं."

"मग पट्टी गल्लीला लावा."

बाई हसली. मग कप खाली ठेवून म्हणाली, "मावशी, मी शहराच्या टोकाला राहते. चौथा मजला, दोन खोल्या, लिफ्ट बंद. गेल्या वर्षी माझी पट्टी तुमच्या दुप्पट होती. का, तर तुमच्या घराची किंमत धरली होती एकतीस वर्षांपूर्वीची, आणि माझ्या घराची कालची. एवढी वर्षं तुमच्या रस्त्याचे दिवे आमच्यासारख्यांच्या पैशांवर लागले. ते बरोबर होतं का?"

थोरलीला हे ठाऊक नव्हतं. ती काही वेळ बशीवरून बोट फिरवत राहिली.

"नव्हतं," शेवटी ती म्हणाली. "पण तरी सांगते. मला हे घर विकायचं नाही. न विकलेल्या घराची किंमत म्हणजे दुसऱ्या कुणीतरी मनातल्या मनात केलेला हिशेब. पट्टी मात्र मला खऱ्या पैशांत भरायचीय."

"तेही खरंय," निरीक्षक बाई म्हणाली. वाद तिथंच थांबला. निघताना तिनं धाकटीला विचारून चार पायऱ्या चढून जिन्याच्या कठड्यावरून एकदा हात फिरवला, आणि तिसरी पायरी ध्यानात ठेवल्याबद्दल तिच्याकडून शाबासकी घेतली.

निकालाचं पत्र तीन आठवड्यांनी आलं. धाकटी हातातलं शिवण टाकून समोर येऊन बसली, आणि थोरलीनं उभ्यानंच वाचायला सुरुवात केली. हरकत मान्य. जिना सदोष. एक खोली राहण्यास अयोग्य. घसारा पूर्ण. पट्टी निम्म्याहून खाली आली होती. जुन्यापेक्षा जास्तच, पण झेपेल अशी.

"सुटलो बाई!" धाकटी म्हणाली. "वाचा ना पुढे. आणखी काय लिहिलंय?"

थोरली क्षणभर थांबली. "आणखी काही नाही. सही आणि शिक्का."

पत्राची घडी घालून तिनं ते स्वतःच्या पर्समध्ये ठेवलं, जिथं ती कधी कागद ठेवत नसे.

चार दिवस ती घरात वेड्यासारखी हिंडत होती. कपाट परत भिंतीला लावलं. पोपडे गेलेल्या जागी हातानं रंग लावला. धाकटी म्हणाली, पट्टी उतरवून झाली आणि आता घर सजवताय होय? त्यावर थोरली नुसतं हुं म्हणाली. पाचव्या दिवशी सकाळी तिनं धाकटीला सांगितलं, खात्यात जायचंय, तुझीही सही लागेल.

कचेरीत धाकटीला बाकावर बसवून थोरली एकटीच खिडकीशी गेली. आत बसलेल्या निरीक्षक बाईनं तिला ओळखलं.

"काय मावशी, अजून कमी करायची? आता नाही हं होणार."

थोरलीनं पत्र उलगडून काचेखालून सरकवलं आणि एका ओळीवर बोट ठेवलं. तिथं दोन रकाने होते. पहिल्यात जागेची किंमत, भली मोठी. दुसऱ्यात लिहिलं होतं: बांधकामाची किंमत, शून्य.

"हे काय आहे?"

"ते चांगलंच आहे की. घसारा पूर्ण धरला, म्हणून शून्य झालं. त्यामुळेच तर पट्टी उतरली."

"तिथं काहीतरी लिहा."

"म्हणजे?"

"आकडा लिहा. काहीतरी."

निरीक्षक बाईनं आवाज खाली आणला. "अहो, आकडा घातला की त्यावर पट्टी बसणार. नियमानं अगदी कमीत कमी धरली, तरी बसणारच."

"कमीत कमी किती बसेल?"

बाईनं कॅल्क्युलेटरवर हिशेब करून आकडा एका चिठ्ठीवर लिहिला. दोघींच्या आठ दिवसांच्या भाजी-दुधाइतका होता. थोरलीनं तो वाचला, ओठांनी पुन्हा एकदा म्हटला आणि मान हलवली.

"हरकत अर्ज द्या."

"तुम्हीच एकदा नीट विचार करा. पट्टी वाढवून मागायला आजवर कुणी आलेलं नाही. छापील अर्जातसुद्धा तशी सोय नाही."

तशी नव्हतीच. अर्जाच्या माथ्यावर छापलं होतं, 'मूल्य जास्त धरल्याबद्दल हरकत'. थोरलीनं पेन काढलं, 'जास्त' या शब्दावर सरळ एक रेघ मारली आणि वर बारीक, नेटक्या अक्षरात लिहिलं, 'कमी'. बाकीचे रकाने भरले. खाली दोन मालकांच्या सह्यांची जागा होती. एकीवर स्वतःची सही केली आणि अर्ज घेऊन ती बाकापाशी आली.

"इथं कर."

धाकटीचा चष्मा घरी राहिला होता. तिनं कागद दूर धरला, मग जवळ धरला, आणि नाद सोडून थोरलीनं बोट ठेवलं होतं तिथं सही केली.

"कसला कागद आहे?"

"घराचा."

खिडकीतून पोचपावती घेऊन दोघी बाहेर आल्या. ऊन चढलं होतं. कचेरीच्या पायऱ्या उतरताना धाकटीनं सवयीनं थोरलीच्या दंडाला धरलं.

"पट्टी मनासारखी झाली ना पण?"

"झाली."

"नक्की किती भरायची आता?"

"द्यायला हवी तेवढी," थोरली म्हणाली, आणि बस येतेय का ते पाहू लागली.