दस्तीखालचा भाव

पोळा होऊन आठ दिवस झाले नाहीत तोवर शहादेवनं बैलजोडी विकली, आणि पैसा मोबाइलात घातला. महिना उलटला तरी त्याची आई सुभद्राबाई रिकाम्या दावणीजवळ उभी राहून ओरडत होती. शेजार असल्यानं मी कुडापलीकडून सगळं ऐकत होतो.

"दिवाळीनंतर कारखान्यावर ऊस न्यायला गाडीला कुनाला जुपनार? तुला का मला?"

"आये, तीन रुपयाचा शेअर सात रुपयाला गेला. इकलेल्या जोडीच्या दोन जोड्या झाल्या. गप बस की!"

"कुटं हायत? दाव की मला. शेपटी तरी दाव!"

त्याची बायको मंगल मधे पडेना. ती नुसती माझ्याकडं बघत होती. आमच्या चकलांब्यात जनावराचा घोळ झाला की लोक माझ्याकडं बघतात. तीस वर्षं मी, सुंदरराव, नेकनूरच्या बाजारात हेडी होतो. बैलांची दलाली केली. अक्षरं उशिरा शिकलो, पण आकडा मला बोटांनी कळायचा. आमच्यात भाव तोंडानं सांगत नाहीत. हातावर दस्ती टाकायची आणि खालून एकमेकांची बोटं दाबायची. बघणाऱ्याला फक्त हललेलं फडकं दिसतं.

मी कूड ओलांडून गेलो. "कुनी सांगितला रं हा शेअर?"

"गेवराईच्या अंगदनं. त्याचा ग्रुप हाय, हजार मानसं हायत त्यात. तात्या, तुमाला न्हाई कळायचं ते."

"न कळंना. भाव कोन ठरीवतं तेवढं सांग."

"या शेअरला मार्केट मेकर हाय. घेनाऱ्याला तोच देतो, इकनाऱ्याचं बी तोच घेतो. बाजार चालू ऱ्हावा म्हनून."

"मंजी हेडीच की!"

शहादेव हसला. मला हसू आलं नाही. हेडी नसला तर बाजार भरत नाही, हे खरंच. पण हेडीच्या मनात काळं आलं की काय होतं, हे मला जितकं ठाऊक तितकं त्या अंगदला नसेल.

दुसऱ्या दिवशी बाजार उघडायच्या वक्ताला मी त्याच्याजवळ जाऊन बसलो. म्हटलं, आकडे वाचून दाखव. सकाळी उघडताच पन्नास हजार शेअरचा एकच सौदा झाला. भाव एका दिवसात जेवढा चढू देतात, त्या हद्दीला जाऊन अडकला. मग घेणाऱ्यांची रांग लाखांची, विकणारा एक नाही.

"कालचा सौदा केवढ्याचा?"

"पन्नास हजाराचाच."

"परवाचा?"

त्यानं बोटानं मागं सरकवून बघितलं. "तेवढाच."

"एकच बैल रोज बाजारात फिरतोय रं. ह्याच्या दावनीतनं त्याच्या, त्याच्या दावनीतनं ह्याच्या."

तेवढ्यात ती लाखांची रांग दोन हजारांवर आली, आणि डोळा लवतो न लवतो तोच परत भरली.

"बघितलंस? दस्तीखालचा हात काढला आन् परत घातला. त्याला घ्यायचं न्हाईच, गर्दी दावायची हाय."

शहादेवच्या कपाळाला आठी पडली. "तात्या, तुमच्या पोटात कावून दुखतंय? अंगद म्हनतो, ईसला जानार."

"इकून टाक. आज घेनारा हाय तवर."

"उंद्या दहा झाला मंजी कोन भरून देनार? तुमी?"

पटेना त्याला. सुभद्राबाई दारात तांदूळ निवडत होती. जे बोलायचं ते तिच्यासमोर बोलणं जड होतं, पण दुसरी वाट नव्हती.

"तुझ्या बापानं, गहिनीनाथनं, माझ्याकडनं पांढरा बैल घेतलता. ध्यानात हाय?"

"हाय. नांगराला जुपला की मधीच तासात खाली बसायचा. बापानं दोन वर्सं काढली त्याच्यासंगं."

"मला ठावं व्हतं तो बसका हाय. म्या माझ्या मेव्हन्याला आन् दोन मानसांला बोली लावायला उभं केलतं. तीन गिऱ्हाइकं मागं लागलेली बघून तुझा बाप चढत गेला. त्याला वाटलं, एवढे मागतेत मंजी बैल चांगला."

सुभद्राबाईचा सुपातला हात थांबला. शहादेवनं मोबाइल खाली ठेवला.

"मंजी सख्ख्या दोस्ताला फसीवलं तुमी."

"व्हय."

"मग आज कावून खरं धरावं तुमचं?"

"धरू नको. माझी लबाडी तेवढी खरी धर."

तो मोबाइल घेऊन उठला आणि शेताकडं गेला.

विकलं की नाही, मला कळलं नाही. तिसऱ्या दिवशी शेअर पडला. ग्रुपवर म्हणे, "स्वस्तात मिळतोय, आणखी घ्या." चौथ्या दिवशी विकणाऱ्यांची रांग लाखांची, घेणारा एक नाही. ग्रुपातल्या तलवाड्याच्या एकानं अंगदला फोन लावला, तर तो म्हणाला, आमी फक्त म्हायती देतो. पुढं तो ग्रुपच गायब झाला. शेजारचं घर मात्र माझ्याशी बोलायचं बंद झालं होतं. मंगल आडावर दिसली तरी पदर सावरून निघून जायची.

दिवाळीच्या तोंडावर एका सांजेला घुंगरांचा आवाज आला. शहादेव नवी जोडी घेऊन माझ्या दारावरून चालला होता. तांबूस, भरल्या वशिंडाची. मागं सुभद्राबाई. मी ओट्यावरून उतरलो.

"इकलं व्हतं तर!"

"त्याच दिशी. समदे," शहादेव म्हणाला. "नेकनूरला या जोडीला बी तीन गिऱ्हाइकं लागली व्हती. लई भांडत व्हते. दुपारी बघितलं तर तिघं एकाच कागदावर भजी खात बसलेले. म्या दिस बुडूस्तोवर बसलो. मग हेडीच आला माझ्यामागं दस्ती घेऊन."

मला हसू फुटलं. दात बघावेत म्हणून मी बैलाच्या तोंडाकडं हात नेला.

"ऱ्हाऊ द्या," त्यानं कासरा ओढला. "दात म्या बघितल्यात."

जोडी पुढं गेली. सुभद्राबाई तेवढी थांबली.

"तो पांढरा बैल आनला ना, त्याच राती मालक म्हनले व्हते, सुंदररावनं मानसं उभी केलती म्हून. मेव्हन्याला वळखलं व्हतं त्यांनी."

"मग घेतला कावून?"

"म्हनले, भर बाजारात दोस्ताला लबाड कसं म्हनू?"

पदर डोक्यावर ओढून ती बैलांमागं गेली. माझा हात तसाच पुढं राहिला होता.