गुरुवारचे धपाटे

परभणीच्या मोंढ्यातला, धान्याच्या बाजारातला उंदीर म्हणजे साधा उंदीर नव्हे. एकानं माझ्यादेखत हमालाला बाजूला सारून पोत्याचं तोंड सोडलं होतं. बरं, अर्धं सोडून द्या. उंदीर लय होते, एवढं खरं धरा.

त्यांच्यावर औषध काढायचं वेड आश्रुबाला लागलं. माझा चाळीस वर्षांचा दोस्त, कॉलेजच्या प्रयोगशाळेतून नुकताच रिटायर झालेला. गल्लीतल्या एका लेकरानं उंदराच्या विषाची वडी खाल्ली, मरता मरता वाचलं. तेव्हापासून एकच धोशा, "मुंजाजी, उंदराला ओकता येत न्हाई. विषातच ओकारीचं औषध घालायचं. माणूस ओकून मोकळा, उंदीर खलास."

"वा रे हकीम!" मी म्हणालो.

त्या हिवाळ्यात दर गुरुवारी तो मला धपाटे खायला बोलवायचा. स्वतः शिवायचा नाही, गुरुवारचा उपास. वाटायचं, केवढा दिलदार! आपण उपाशी अन् दोस्ताला वाढतो. वर घरापर्यंत सोडायला यायचा, घड्याळ बघत बघत. दारात पाऊल टाकलं की मी भडाभडा ओकायचो अन् खापर फोडायचो कमलबाईच्या सकाळच्या वरणावर. बिचारी बायको डाळी बदलून थकली.

एका गुरुवारी आश्रुबा दही आणायला आत गेला. समोर वही उघडी. 'मुंजाजी. वजन बासष्ट. धपाटे तीन. ओकारी अकरा मिनिटांत. उत्तम.'

आश्रुबा वाटी घेऊन बाहेर आला तसा मी घास ताटात टाकला.

"आश्रुबा, विष घातलंस?"

"चिमूटभर."

"अन् ओकारी झाली नसती तर?"

त्यानं दह्याची वाटी माझ्यापुढं सरकवली.

"मीच सापडलो व्हय रे?"

"तू गावभर बोंबललास तरी कोण खरं मानणार हाय?"

तसाच उठलो. मोंढ्यातल्या चहाच्या हॉटेलात जाऊन सगळं सांगितलं, तिखटमीठ न लावता, जन्मात पहिल्यांदा. लोक पोट धरून हसले. "मुंजाजीबुवा, मग शेपूट फुटलं का न्हाई?" मागून आश्रुबा आलेला. त्यानं माझ्या खांद्यावर हात टाकला अन् सगळ्यांत मोठ्यानं हसला.

घरी येऊन कमलबाईला सांगितलं. तिनं डाळ निवडता निवडता मान वर केली.

"माझं वरण झालं, आता त्या बिचाऱ्यावर आळ घ्यायलाव व्हय? स्वतः उपाशी राहून वाढतो तो तुमाला!"